रिकाम्या वायरीचा धडा

द्वारका चौकात हॉर्नचा गलका उठला की भाग्यश्रीच्या दुकानातली झेंडूची टोपलीसुद्धा थरथरते. दुकानाच्या एका बाजूला सासूचे हार, दुसऱ्या बाजूला सुनेची दुरुस्ती. मध्ये भिंत नाही की पडदा नाही. ठमाबाई सुईत दोरा ओवणार, तेवढ्यात भाग्यश्री सोल्डर वितळवणार. दोघींची नजर बारीक, दोघींचे हात हलके.

आज मात्र भाग्यश्रीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हरसूलच्या बचत गटाचे आठ फवारणी पंप तिच्यापुढे मांडलेले. पंधरा दिवसांपूर्वी तिनंच ते दुरुस्त करून दिले होते आणि आठच्या आठ परत आले होते. प्रत्येकाचा ट्रान्झिस्टर जळालेला. गटाच्या फुलाबाई चार वाजता न्यायला येणार होत्या. फोनवर त्यांनी सांगूनच टाकलं होतं, "या बारीला जळलं ना पोरी, तं बाया माझं बी ऐकायच्या नाय. दुसरीकडं टाकतील."

तशी भाग्यश्री डोळे झाकून माल घेणारी नव्हती. नकली ट्रान्झिस्टरवर नाव-नंबर खऱ्याचाच असतो, पण आतली चकती लहान, म्हणून त्याच्या पोटात वीज कमी मावते आणि तो लवकर तापून जळतो. ती प्रत्येक नगाचं पोट मोजून घ्यायची. दोन पाय एकत्र जोडायचे, तिसऱ्या पायात रेझिस्टरमधून वीज सोडायची आणि ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्याकडे बघत राहायचं. बारीक धारेखाली घागर भरावी तशी रेघ वर चढते. घागर मोठी असली तर वेळ जास्त लागतो. त्या वेळावरून पिकोफॅरडमध्ये माप निघतं. या नंबरच्या खऱ्या नगाला साडेचौदाशेच्या आसपास पिकोफॅरड हवेत.

पंपांत घातलेल्या लॉटमधले उरलेले नग तिनं पुन्हा लावले. चौदाशे वीस. चौदाशे चाळीस. सगळं जिथल्या तिथं.

तिनं माल देणाऱ्या योगेशला फोन लावला.

"ताई, तुम्हीच मोजून घेतलेत ना?" तो म्हणाला. "आधीचा लॉट दिला तर तुम्हीच म्हणालात, एकवीसशे दाखवतो, नको. तो अजून तुमच्याच ड्रॉवरमध्ये पडलाय. माणूस पाठवू का न्यायला?"

भाग्यश्रीनं फोन ठेवला आणि तोच नग पुन्हा उचलला.

"काय गं, सकाळपासून एकच दाणा निवडतीस?" ठमाबाईंनी विचारलं.

"माप बरोबर येतंय, आत्याबाई. आणि पंप जळतायत."

"धडा केला का?"

"आता शाळेतला धडा कुठं काढता?"

"अगं, टोपलीचा धडा!" ठमाबाई खळखळून हसल्या. "फुलं जोखायच्या आधी रिकामी टोपली तागडीत ठेवायची, समोर तिच्या वजनाचा दगड टाकायचा. नाहीतर गिऱ्हाईक फुलांच्या भावात टोपलीबी घेऊन जाईल. तुझी टोपली कुठली?"

भाग्यश्रीही हसली, आणि हसता हसता थांबली. फुलांवर शिंपडलेलं पाणी उडतं म्हणून महिन्यापूर्वी तिनं ऑसिलोस्कोप वरच्या फळीवर चढवला होता. मंडपवाल्या सनीकडची माइकची जुनी वायर आणून टेबलापर्यंत सोडली होती. चांगली सहा-सात हात.

तिनं ट्रान्झिस्टर काढला. नुसती वायर ठेवली. रेघेनं आता ताडकन उभं राहायला हवं होतं. ती मात्र माहेरवाशिणीसारखी रमतगमत वर चढली.

साडेसहाशे! साडेसहाशे पिकोफॅरड तर रिकामी वायरच पिऊन बसली होती.

"अगं बाई," भाग्यश्री पुटपुटली. चौदाशे चाळीसमधून साडेसहाशे गेले, उरले आठशेसुद्धा नाहीत. नकली. आणि एकवीसशेतून साडेसहाशे गेले की साडेचौदाशे. खरा माल तिनं नको म्हणून ड्रॉवरमध्ये टाकला होता, आणि नकली माल पारखून घेतला होता.

"योगेशभाऊ, आधीचा लॉट न्यायला माणूस पाठवू नका," तिनं पुन्हा फोन केला. "तोच खरा आहे. नवा मात्र घेऊन जा, आणि तो कुणाला देऊ नका."

मग ड्रॉवरमधले खरे नग आठही पंपांत बसवताना दुपारभर तिचं डोकं वर झालं नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला.

चार वाजता फुलाबाई आल्या, पदर खोचूनच. काही विचारायच्या आत भाग्यश्री म्हणाली, "मावशी, चूक माझी होती. माल मीच मोजला, आणि मोजण्यातच चुकले."

फुलाबाईंनी तिला निरखून पाहिलं. "चालव."

पहिल्या पंपाची नळी फुलांच्या पाण्याच्या बादलीत सोडली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. पाण्याचा फवारा बादलीतल्या बादलीत फिरत राहिला. उघड्या बोर्डाकडे बोट दाखवून फुलाबाई म्हणाल्या, "जळायचा तो हाच ना? हात लावू?"

"लावा."

त्यांनी बोट टेकवलं आणि तसंच राहू दिलं. "कोमट हाय. बाळाच्या आंघुळीच्या पाण्यावानी."

बाकीचे सातही त्यांनी एकेक करून चालवून पाहिले. घाई केली नाही, कुणाला करूही दिली नाही.

"बायांना काय सांगाल?" भाग्यश्रीनं हळूच विचारलं.

"हेच, का ती चुकली अन् तोंडानं म्हनली. आमच्या वाडीत आनखी चार बंद पडलेत, ते बी बाजार झाला का घिऊन येते."

हरसूलकडं जाणारा टेम्पो यायला अवकाश होता. फुलाबाई ठमाबाईंशेजारी मांडी घालून बसल्या, एक सुई मागून घेतली आणि झेंडूची फुलं ओवायला लागल्या.