जाळं धुतलेलं बरं

तळ्याची तब्येत कशी आहे, हे तळातल्या किड्यांना विचारावं लागतं. अकरा वर्षं मी तेच करते. जाळं गाळात फिरवायचं, पांढऱ्या ट्रेमध्ये उलटं करायचं आणि चिमट्याने एकेक जीव मोजायचा. पहिली नऊ वर्षं निघाल्या त्या फक्त लाल अळ्या. या बायांना घाण मानवते, त्यामुळे आमचा अहवाल दरवर्षी तोच असायचा आणि आमच्या संशोधन संस्थेचे संचालक तो न वाचताच बाजूला ठेवायचे.

दहाव्या वर्षी चमत्कार झाला. ट्रेमध्ये मेफ्लाय नावाच्या माशीची पिल्लं वळवळली. चपटी, तीन शेपट्यांची, स्वच्छ पाण्याशिवाय न जगणारी. तीही फक्त पूर्वेच्या काठाशी, जिथून आमची फेरी सुरू होते. तळं पूर्वेकडून सुधारतं आहे, असा सिद्धांत मी लगेच ठोकून दिला. निबंध छापून आला. संचालकांना माझं नाव पाठ झालं आणि मला कायम करायचा कागद त्यांच्या टेबलावर येऊन पडला. कायम माणसाला संस्थेचा नावाडी मिळतो. माझ्यासारख्या हंगामी बाईची होडी बाबा वल्हवायचे.

बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झाले आणि दिवसभर आईचं डोकं खाऊ लागले, तेव्हा तिने त्यांना माझ्या गळ्यात बांधलं. होडीत बसले की ते पंपघरात असायचे तसे खूश असत. याला दोन वर्षं झाली. मेफ्लायलाही दोनच वर्षं झाली होती, पण मी पडले विदुषी, मला कुठलं सुचायला!

सही व्हायच्या आठवड्यात मी एकदा लवकर पोचले. बाबा होडीपाशी नव्हते. वळणापलीकडे, तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यात उकिडवे बसून ते माझं जाळं खळबळून धूत होते.

"हे काय चाललंय?"

"मागच्या खेपेचा गाळ तसाच न्यायचा? धुतलेलं बरं. मी दर वेळी धुतो, तुला कुठे पत्ता असतो!"

मी जाळं हातात घेतलं. त्याला चार चपटी पिल्लं चिकटली होती. वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहणारी ही जात, गाळात दोन दिवस टिकायची नाही. म्हणजे तळं नव्हे, फक्त माझं जाळं सुधारलं होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. संचालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहा ढवळला.

"किड्यांच्या अंगावर पत्ता लिहिलेला असतो का?"

"असतो, साहेब. चपटं अंग हाच पत्ता."

"अजून एक फेरी करा. दिसले तर सही करतो. नाही दिसले तर तुमचं तुम्ही बघा."

हेही मी घरी सांगून बसले.

त्या फेरीला जाळं मी स्वतः नळाखाली धुऊन, वाळवून नेलं. पूर्वेच्या काठाशी गाळ ट्रेमध्ये ओतला आणि तारीख लिहायला वही काढली. मान वर करते तो ट्रेमध्ये पाच पिल्लं. बाबा पलीकडच्या काठावरची झाडं फारच मन लावून बघत होते. बाही कोपरापर्यंत ओली, आणि जेवणाचा डबा उघडा.

"बाबा, डब्यात पाणी कसं?"

"वल्ह्याचं उडालं."

मी वहीत शून्य लिहिलं.

"अगं चिमे, पाच आहेत की! मोजता येत नाही?"

"आहेत. पण तळ्याचे नाहीत, तुमचे आहेत."

बाबा ओशाळले. त्यांनी होडी ओढ्याच्या तोंडापाशी नेली आणि पाचही जीव हलक्या हाताने पाण्यात सोडले.

"म्हणजे तू कायम होणार नाहीस."

"नाही."

"संस्थेचा नावाडीही मिळणार नाही?"

"नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कायम झाले असते तर त्यांची होडी गेली असती. हे माहीत असूनही या माणसाने डब्यात किडे भरून आणले होते.

"मग पुढच्या महिन्यात..." बाबांनी घसा साफ केला, "मलाच यावं लागेल म्हण की."

"यावंच लागेल."

चेहरा दुःखी ठेवायची त्यांनी शिकस्त केली. पण वल्ही अशी काही जोरात मारली की माझी वही भिजली.