अडकलेली बंदूक आणि आमचे हे

माझ्या जावयाचं नाव मी घेत नाही आणि त्याच्याशी बोलतही नाही. भांडण नाही. आमच्या बर्फाच्या मुलखात सासू-जावयानं बोलायचं नसतं, एवढंच. हल्लीची पोरं हे पाळत नाहीत, आणि मग त्यांच्या सासवा त्यांना फोनवरून शिव्या घालतात. माझ्याकडे तसलं चालत नाही.

पण त्या दिवशी खाडीकाठच्या प्लायवूडच्या खोपटात आम्ही दोघं कोंडले गेलो. बाहेर पांढरं अस्वल होतं, हिवाळाभर हडकलेलं. स्लेजवरचं सीलचं मांस त्यानं संपवलं आणि मग खोपटाभोवती फेऱ्या धरल्या. भिंतीला अंग घासलं की आत टांगलेले कप हलायचे. खिडकी एकच, तीही तव्याएवढी. आणि माझी लेक लेआ स्नोमोबाईल घेऊन तळ्यावर मासे धरायला गेलेली. बंदूक एकच, ती आमच्याजवळ. वायरलेसही आमच्याजवळच. चहाच्या वेळेला ती खडकाला वळसा घालून थेट अस्वलाच्या पुढ्यात येणार होती.

जावयानं खिडकीतून एक गोळी हवेत झाडली. अस्वल थोडं मागं सरलं आणि बसलं. जावयानं पुन्हा चाप ओढला तर काहीच नाही. रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खाचेत उभंच अडकलेलं, दारात पाय सापडलेल्या माणसासारखं. हातानं उपसून काढलं, पुन्हा झाडली, पुन्हा तेच. आपोआप भरणारी बंदूक म्हणून घेतली होती. अंगावर आलेलं अस्वल दर गोळीमागं उपसाउपशीला थांबत नाही.

खोपटात तिसरं माणूस होतं हे नशीब. माझी नात, लेआची पोर, काउनाक. माझा नवरा गेला त्याच हिवाळ्यात ती जन्मली, त्याचं नाव तिला लागलं. आमच्यात ज्याचं नाव, तोच माणूस; म्हणून ती माझा नवरा आणि जावयाचा सासरा. स्वतःचं नाक अजून पुसता येत नाही, पण मान मोठा.

मी तिला मांडीवर घेतलं. “अहो, ऐकलंत का? बंदुकीला एवढं तेल कुणी पाजलं?”

“मामंजी,” जावई तिच्याकडे बघत म्हणाला, “त्यांना सांगा, गंजू नये म्हणून घातलं.”

“नाहीच गंजली. गोठली. तुम्ही होतात तोवर थंडीत बंदूक कोरडी असायची. विचारा त्याला, काडतूस आत ढकलणारा बोल्ट मागं ओढून सोडला तर कसा येतो?”

त्यानं काडतुसं काढून बाजूला ठेवली आणि बोल्ट ओढून सोडला. आला परत, पण जेवून उठलेल्या म्हाताऱ्यासारखा.

“सुस्तावलाय, मामंजी.”

“मग धुवा म्हणावं. स्टोव्हच्या पेट्रोलनं.”

“आधी स्टोव्ह विझवतो, मामंजी. नाहीतर अस्वलाला भाजलेली सासू मिळायची.”

“अहो, तुमच्या जावयाची जीभ बंदुकीपेक्षा बरी चालते.”

“मासा,” माझा नवरा म्हणाला. मी सुक्या माशाचा तुकडा त्याच्या हातात दिला.

स्टोव्ह विझला तशी थंडी फळ्यांमधून आत शिरली. जावयानं एकेक भाग थाळीत धुतला, फडक्यानं कोरडा केला, पुन्हा जोडला. आता बोल्ट खाडकन परत येत होता. मी पाठ ताठ करून बसले. त्यानं खिडकीतून गोळी झाडली.

काडतूस पुन्हा खाचेत उभं.

अस्वल या खेपेला उठलंसुद्धा नाही. आमच्याकडे नुसता आवाज आहे, हे त्याला कळून चुकलं होतं.

जावई खिडकीतून खडकाकडे बघत राहिला. सावली खडकाच्या पायथ्याशी आली होती, म्हणजे लेआ निघालीच असणार. मग त्यानं काडतूस हातानं काढलं, सुटी काडतुसं जाड हातमोज्यात टाकली आणि दाराचा आडणा उचलायला गेला. अस्वलाला स्वतःच्या अंगावर घेऊन खाडीकडे न्यायचं, एकेक गोळी भरत. त्याच्या मानेकडे बघूनच मला कळलं.

आणि माझा नवरा तोंडात मासा धरून झोपला होता.

त्या खोपटात मी कितीतरी वादळं काढली, पण भिंती इतक्या जवळ कधी आल्या नव्हत्या. नुसतं ‘थांब’ म्हणायचं होतं. माझ्या आईनं तिच्या जावयाला बर्फाच्या भेगेशी जातानासुद्धा हाक मारली नव्हती, तिनं दगड मारला होता. माझ्याकडे दगड नव्हता. मी नवऱ्याच्या मांडीला चिमटा काढला.

काउनाकनं असा गळा काढला की आडणा जावयाच्या हातातच राहिला.

“अहो, रडता काय? सांगा त्याला, माझी लेक विधवा करायला मी दिलेली नाही. बंदूक नीट होईपर्यंत दार उघडायचं नाही.”

तो आडणा टाकून खाली बसला. बंदूक मांडीवर घेऊन उलटीपालटी केली. “उगी, मामंजी, उगी. आपण वरची नळी बघितलीच नाही. गोळीचा वायू तिच्यातून येऊन दट्ट्याला धक्का देतो, तेव्हा बोल्ट मागं जातो.” त्यानं ती नळी सोडवून तिरपी धरली. आतला दट्ट्या आपल्या वजनानं घसरायला हवा होता. घसरला नाही. “काल वादळात बर्फ शिरला, इथल्या उबेत वितळला आणि बंदूक बाहेर टांगल्यावर पुन्हा गोठला.”

स्टोव्ह पेटवायची सोय नव्हती, पेट्रोलचा वास खोपटात भरलेला. त्यानं नळी काउनाकच्या हातात दिली, काउनाकनं माझ्या. मी ती अंगातल्या जाड पार्का-कोटाच्या आत, बंडीवरून काखेत दाबली. लोखंड काय गार असतं ते तेव्हा कळलं. मी तोंड वाकडं केलं नाही. जावई समोर होता. पाण्याचा ओघळ बरगडीवर आला, दट्ट्या आत हलला, तशी नळी आली त्याच वाटेनं परत पाठवली.

त्यानं ती पुसून जोडली. लांबून इंजिनाचा आवाज येत होता. अस्वलानं तिकडे मान वळवली आणि उठलं.

त्यानं अस्वलाच्या पायांपुढच्या बर्फात एकामागून एक तीन गोळ्या घातल्या. दर वेळी काडतूस उडून भिंतीवर टणकन आपटलं. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं, आम्हाला एकदा नीट बघून घेतलं आणि बर्फाच्या उंचवट्यामागं गेलं. पळालं नाही, चालत गेलं.

लेआ आत आली आणि घाईनं दार लावलं. “स्टोव्ह का विझवलाय? आणि ही का रडतेय?”

आम्ही दोघंही तिच्याशी एकदम बोलायला लागलो.

“एकेकानं बोला,” ती म्हणाली.

“आईला सांग,” जावई म्हणाला, “तेलाचं त्यांचं बरोबर होतं.”

“त्याला म्हणावं, ते मला माहीत आहे. आता दार उघडून हा पेट्रोलचा वास जाऊ दे, म्हणजे चहा टाकता येईल.”

लेआनं दोघांकडे बघितलं. दार उघडायला मात्र कुणी उठेना.