ताणमुक्त लेखन समिती

चिचगड रस्त्यावरच्या एका कॉलेजात भाग्यश्री रहांगडाले इतिहास शिकवायची. रोज सकाळी ग्रंथालय उघडलं, की तासांआधी ती पानभर लिहायची. पान झालं की लॅपटॉप बंद. विषय एकच: गावच्या जुन्या तलावांचं पाणी कोण वाटायचं आणि भांडणं कशी मिटायची. दोन-तीन वर्षांत एखादा निबंध छापून यायचा. प्राचार्य ईश्वरदास पटले यांना हा शुद्ध आळस वाटे.

त्यांचे लाडके होते वाणिज्यचे चंद्रकुमार बिसेन. चंद्रकुमारांचे निबंध अंड्यांसारखे यायचे. फरक इतकाच, की कोंबडी अधूनमधून खुडूक तरी बसते. जीएसटीवर, योगावर, मोहफुलांवर, शेवटी मोहफुलांवरच्या जीएसटीवर. उन्हाळा सरता सरता स्टाफरूममध्येच त्यांना भोवळ आली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली.

प्राचार्य हादरले. त्यांनी तत्काळ ‘ताणमुक्त लेखन समिती’ नेमली. अध्यक्ष अर्थातच चंद्रकुमार. बैठक दर रविवारी, कारण बाकीचे दिवस सगळे कामात. ताण किती कमी झाला याचा अहवाल प्रत्येकानं तीन प्रतींत द्यायचा.

भाग्यश्री गेलीच नाही. सोमवारी बोलावणं आलं.

“मॅडम, कल आप आए नहीं. काऊन?”

“दवनीवाड्याले घरच्या धानाची रोवणी होती, सर. मंग दुपारी झोपली.”

“झोपली? इकडे आम्ही ताण कमी करायसाठी मरून राहिलो, अन् तुम्ही झोपून राहिल्या?”

“कमी झाला का?”

शेजारी चंद्रकुमार लाल डोळ्यांनी बसले होते. “होऊन राहिला मॅडम,” ते म्हणाले. “फक्त अहवालाचं टेन्शन आहे.”

तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली. उत्तर लिहिण्यात तिची एक सकाळ गेली. नोटिशीचं तिला काही वाटलं नाही. त्या दिवशीचं पान बुडालं, याची मात्र चरफड झाली.

हिवाळ्यात मूल्यांकनाला बाहेरची मंडळी आली. चंद्रकुमारांचे निबंध छापणारी नियतकालिकं त्यांनी उघडून पाहिली. एकाची वेबसाइट सापडेना, दुसरीवर साड्यांचा सेल होता. भाग्यश्रीचा निबंध मात्र त्या मंडळींच्या अध्यक्षांनी आधीच वाचला होता.

“हे आमच्या समितीचंच फळ!” प्राचार्य म्हणाले.

मंडळी गेल्यावर त्यांनी भाग्यश्रीला थांबवलं. “पुढच्या निबंधात माझं अन् चंद्रकुमारांचं नाव टाकून द्या. मार्गदर्शक म्हणून.”

“टाकते ना, सर. पण चोरखमारा गावाले यावं लागन. तलावाच्या पाळीवर, बांधावर, म्हाताऱ्यांसंगं बसा लागते.”

“किती वेळ?”

“त्यायचं बोलणं होयेपर्यंत.”

प्राचार्यांना वेळ नव्हता. चंद्रकुमार मात्र गेले. बकाराम नावाचा म्हातारा पाणीवाटपाच्या पाळ्या सांगू लागला. वारा गार होता. चंद्रकुमारांनी झाडाला पाठ टेकली आणि ते घोरू लागले.

बकाराम बोलता बोलता थांबला. “मास्तर बिमार हायेत का?”

“नाही बाबा,” भाग्यश्री म्हणाली. “ताणमुक्तीचे अध्यक्ष हायेत. झोपू द्या.”

परतल्यावर चंद्रकुमारांनी अध्यक्षपद सोडलं. पुढच्या वर्षी त्यांचा एकही निबंध आला नाही, आणि जगाचं काही अडलंही नाही. समिती मात्र जोरात आहे. आता ती शनिवारीही बसते.