चहाचे मार्क

एक्क्याण्णव सालची गोष्ट. जळगावातल्या एका खासगी दवाखान्यात मी सिस्टर होते आणि डॉक्टर अभिमन पुण्याहून नुकतेच शिकून आले होते. पोरगा हुशार, पण तक्त्यांचं भारी वेड. लकव्याच्या पेशंटला पुढे न्यूमोनिया होणार की नाही, हे आधीच ओळखायचं म्हणून त्यानं एक तक्ता आखला होता. वय, साखर, विडी-तंबाखू, लघवीची नळी, गिळताना ठसका, ताप, प्रत्येकाला मार्क. पाच मार्क झाले की धोका. "आणि नापास झाला तर ऑक्टोबरला पुन्हा बसवायचं का?" असं मी विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

तेव्हा तीन नंबरच्या खाटेवर रावेरकडचे जीवराम नाना होते, केळीवाले. लकव्यानं उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि सगळ्या शब्दांतून एकच शिल्लक राहिला: "बाद." जन्मभर केळीचे घड बघून जे म्हणत आले, तेच. इंजेक्शन बाद, उशी बाद, मी बाद. डॉक्टर तर रोज दोनदा बाद. पण सगळ्यात ठरलेला म्हणजे सकाळचा चहा. त्यांची बायको बेबाबाई मागच्या अंगणात स्टोव्हवर चहा करायची, नानांना टेकवून बसवायची आणि चमच्यानं पाजायची. पहिल्याच चमच्याला नाना म्हणायचे, "बाद."

"चाळीस वरसं हेच ऐकते मी," बेबाबाई म्हणायची. "देवानं सारे शब्द नेले, अन् नेमका हाच ठेवला माह्यासाठी!"

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी मार्कांची बेरीज केली. तीन. म्हणजे धोका कमी, उद्या घरी. नानांच्या मुलांनी लगेच जीप ठरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबाबाई कपबशी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"सिस्टर, आज त्यायनं चहाले नाव नही ठेवलं."

खोटं कशाला बोलू, मला हसू आलं. "अहो, मग सुटलात की तुम्ही!"

"सुटले नही व माय. त्यायले काहीतरी होऊ राह्यलं. घरी नका धाडू."

मी ताप पाहिला. नव्हता. डॉक्टर आले, त्यांनी तिला तक्ता दाखवला. "आई, तीनच मार्क आहेत. आज चहा चांगला झाला असेल."

"चाळीस वरसांत झाला नही, तो आजच कसा होईन?"

एवढं बोलून ती तणतणत बाहेर गेली आणि थोड्या वेळानं दुसरा कप घेऊन आली. नानांना दोन चमचे पाजले. नाना अर्धवट डोळे मिटून गप गिळत राहिले. मग तिनं तोच कप डॉक्टरांपुढे धरला. "घ्या, तुमी बी घ्या."

डॉक्टरांनी घोट घेतला आणि थेट बेसिनकडे धावले. साखरेऐवजी मीठ होतं.

"हे पेले ते. मुकाट्यानं," बेबाबाई म्हणाली. "आता सांगा, तुमच्या कागदावर याचे किती मार्क?"

डॉक्टर रागावले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. तोंड पुसलं, स्टेथोस्कोप काढला आणि नानांच्या पाठीला उजवीकडे खाली लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "सिस्टर, एक्स-रे काढायला सांगा. आणि जीप परत पाठवा."

एक्स-रेत न्यूमोनिया दिसला आणि दुपारी ताप एकशे दोनवर गेला. सकाळी निघाले असते तर तो गावी पोचल्यावर चढला असता, आणि गावात डॉक्टर नव्हता. हसल्याची मला फार लाज वाटली.

पुढचे सहा दिवस वाईट गेले. ऑक्सिजन, इंजेक्शनं, दर दोन तासांनी कूस बदलणं. तोंडानं काही द्यायचं नाही म्हणून नाकातून नळी घातली होती. तरी बेबाबाई रोज चहा करून आणायची आणि खाटेशी कप धरून उभी राहायची. नाना डोळेही उघडत नसत. शेवटी तो चहा मला प्यावा लागे. आणि खरं सांगते, नानांचं काही चुकत नव्हतं.

त्याच दिवसांत डॉक्टरांनी तक्त्याच्या तळाशी लाल शाईनं एक ओळ वाढवली: 'घरच्या माणसाला विचारा, आज काही वेगळं वाटतं का?'

"याला मार्क किती?" मी विचारलं.

"एकदम पाच," ते म्हणाले.

सातव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी नळी निघाली. बेबाबाईनं नानांना टेकवून बसवलं आणि चमचा ओठांना लावला. मी आणि डॉक्टर दोघंही हातातली कामं टाकून उभे राहिलो. नानांनी चहा तोंडात घोळवला, गिळला. कपाळाला आठी पडली.

"बाद."

चाळीस वर्षं त्या शब्दानं तिचा जीव खाल्ला होता. बेबाबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि दुसरा चमचा भरला.

"आनखी एकदा म्हना," ती म्हणाली.