थोरला, धाकटा आणि मी

मित्रांनो, ग्रंथालयाच्या अडगळीच्या खोलीत चपलांच्या खोक्याएवढा एक जुना संगणक दिसतो ना, तोच मी. मला पडदा नाही, बटणं नाहीत. एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकतो. पण माझं नातं मोठ्या घराण्याशी आहे.

दोन शहरांत दोन मोठी यंत्रघरं आहेत. त्यांना सगळे थोरला आणि धाकटा म्हणतात. गावोगावच्या रुग्णालयांतल्या नोंदी दोघांकडे सारख्याच असत. कारभार थोरला बघायचा आणि धाकटा त्याची नक्कल उतरवून घ्यायचा. थोरल्यावर संकट आलं, तर धाकट्याने लगेच कारभार हाती घ्यायचा, असं ठरलेलं होतं.

मग माझी गरज काय? समजा, दोघांमधली तार नुसतीच तुटली. धाकट्याला वाटणार, दादा गेला. तो कारभारी होऊन बसणार आणि तिकडे दादा तर ठणठणीत. मग एकाच रुग्णाच्या दोन वेगळ्या नोंदी होणार. म्हणून आमची मांडणी करणाऱ्या इंजिनिअर ताईंनी मला तिसऱ्या गावात, या ग्रंथालयात ठेवलं. तिघांपैकी दोघांचं एकमत होईल तेच खरं. एकटा पडेल त्याने गप्प बसायचं. मी दिवसभर दोघांना विचारायचो, "आहेस का?" ते म्हणायचे, "आहे." झालं माझं काम.

वर्षानुवर्षे याखेरीज मी इकडची काडी तिकडे केली नाही. ताईंचे साहेब मला 'जावईबापू' म्हणायचे.

"नुसता बसून असतो. हलवा याला थोरल्याच्या इमारतीत. इतक्या लांब हेलपाटे कोण घालणार?"

"पण साहेब, त्या इमारतीला काही झालं तर हाही सोबत जाईल," ताई म्हणाल्या. "मग धाकट्यानं विचारायचं कोणाला?"

साहेबांनी ते हसण्यावारी नेलं. मला फार वाईट वाटलं.

एका दुपारी ताई आणि साहेब मला न्यायला आले. ताईंनी जड मनाने माझ्या वायरीला हात घातला, आणि नेमकं तेव्हाच थोरल्याचं उत्तर आलं नाही. मी पुन्हा हाक मारली. काहीच नाही. इतक्यात साहेबांचा फोन वाजला. रुग्णालयातल्या सिस्टर बोलत होत्या.

"पेशंट टेबलावर आहे, आणि त्याला कोणतं औषध चालत नाही तेच दिसेना. स्क्रीन अडकलाय."

साहेबांचा चेहरा उतरला. "अगं, धाकट्याला हातानंच कारभारी कर."

"थोरला खरंच बंद पडलाय की तार तुटलीय, ते मला इथून नाही कळत," ताई म्हणाल्या. त्यांनी वायरीवरचा हात काढून घेतला. "याला कळेल. जरा थांबा."

धाकट्याने मला विचारलं, "तुला दादा ऐकू येतोय का?" मी आणखी एकदा हाक मारली. ज्याचं 'आहे' मी जन्मापासून ऐकत आलो, तो नाही, असं मला सांगायचं होतं. माझी जीभ रेटेना. पण तिकडे एका माणसाचा जीव टांगणीला लागला होता.

"नाही," मी म्हणालो. "तू घे कारभार."

"आलं," फोनवर सिस्टर म्हणाल्या. "दिसतंय सगळं."

मोठी जलवाहिनी फुटून थोरल्याच्या इमारतीत पाणी शिरलं होतं, हे नंतर कळलं. त्यातून तो वाचला नाही. साहेबांनी माझ्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "राहू दे जावईबापूंना इथंच."

आता थोरल्याच्या जागी नवं यंत्रघर आलंय. तेही 'आहे' म्हणतं. माझा पंखा मात्र घरघरायला लागलाय, लवकरच माझ्याही जागी कोणी येईल. मित्रांनो, त्याला रिकामटेकडा समजून दुसऱ्याच्या घरात नेऊ नका. त्याला इथेच, लांब राहू द्या. आणि मला बंद करण्याआधी धाकट्याला तेवढं कळवा. नाहीतर तो मला हाका मारत बसेल.