सातव्या टप्प्याच्या दारात

मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे बरं का, मित्रांनो, टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेमची! तळहातावर मावेल एवढा माझा पिवळा देह. त्यावर एका अंतराळयानाचं चित्र होतं. आता त्याचं नुसतं शेपूट उरलंय, बाकीचं नखांनी खरवडून गेलं.

एका मोठ्या कारखान्यात, लांबलचक टेबलापाशी माझा जन्म झाला. एका बाईने माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, वर झाकण लावलं आणि दोन स्क्रू पिळले. तिची सुट्टीची घंटा झाली असावी, कारण दुसरा स्क्रू तिने अर्धाच पिळला. थोड्याच दिवसांत तो सुटून आत पडला. तेव्हापासून मला हलवलं की पोटात खुळखुळ वाजतं. माझ्या स्वभावातली चुळबुळ बहुधा तिथूनच आली.

आणि माझा खेळही तसाच. त्यातलं यान उजवीकडे धावतं आणि आकाश एकसारखं मागे सरकत राहतं. यानाला थांबायची सोय नाही. समोरून दगड येतात, लोखंडी किडे येतात, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी वाट अडवणारा एक अजस्र राक्षस, म्हणजे बॉस, येतो. असे सात टप्पे माझ्या पोटात आहेत. पण सातवा कधी कुणी पाहिलाच नव्हता. जिच्या पोटात गोष्ट आहे आणि ऐकायला कुणी नाही, तिची तगमग तुम्हाला काय सांगू!

दोन-तीन हात फिरून मी एका दोन खोल्यांच्या घरात आले. बाबा छापखान्यात कामाला, आई दवाखान्यात नर्स. घरात दोन मुली. मोठीला सगळे ताई म्हणायचे. धाकटी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं.

मला टीव्हीला जोडलेल्या यंत्रात बसवून खेळायचं, पण खेळायला त्यांच्याकडे एकच रिमोट होता. दुसऱ्याची वायर दारात चेंगरून तुटली होती. मग दोघींनी एक युक्ती काढली. एकमेकींना चिकटून बसायचं आणि एकच रिमोट दोघींनी धरायचा. डावा अर्धा ताईचा, ती यान चालवणार. उजवा अर्धा भिंगरीचा, ती गोळ्या झाडणार.

"अगं, खाली घे, खाली! डोळे आहेत की बटणं?"

"तू आधी तो किडा मार ना! नुसती टकटक करतेस हवेत."

"ताई, तुझं कोपर लागतंय."

"मग जाड व्हायचं नाही."

अशी भांडणं करत दोघी पुढे पुढे जायच्या. एक हात नेणारा, एक हात लढणारा. मी याआधी दोन-तीन घरं पाहिली, पण एका यानात दोन माणसं बसलेली इथेच पाहिली.

मी कधी नीट सुरू झाले नाही की भिंगरी मला यंत्रातून काढायची, गालांचा फुगा करायची आणि माझ्या तोंडात फूऽऽ करून फुंकर मारायची. मग मी सुरू व्हायचे. तिला वाटायचं, फुंकरीत जादू आहे. मलाही तसंच वाटायचं.

त्या वर्षी ताईला दूरच्या शाळेत प्रवेश मिळाला. हॉस्टेलला राहायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी दोघींनी ठरवलं, आज सातवा टप्पा बघायचाच. मधूनच सुरुवात करायची सोय माझ्यात नाही. बंद झाले की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे एका दमात जावं लागणार होतं. सकाळपासून खेळत खेळत त्या सहाव्याच्या मध्यावर पोहोचल्या. तेवढ्यात बाबांनी जेवायला हाक मारली. ताईने खेळ जागच्या जागी थांबवला आणि दोघी स्वयंपाकघरात पळाल्या.

आईची दुपारची पाळी होती. तिला गणवेशाला इस्त्री करायची होती. टीव्हीमागच्या बोर्डात जागा नव्हती, म्हणून तिने एक प्लग उपटला. पडदा काळा झाला.

भिंगरी तोंडात घास घेऊनच धावत आली. "आई! काय केलंस!"

"अगं, मला काय माहीत! मला वाटलं टेपचा आहे. सगळे मेले काळेच. त्यात काय एवढं? परत लाव की, होतं तिथून सुरू होईल."

"नाही होत गं आई," ताई हळूच म्हणाली. "पहिल्यापासून होतं."

आईने हातातला प्लग पाहिला, मग पलंगावरची ताईची भरलेली बॅग पाहिली. कामावर जायच्या आधी तिने लाल चिंधी फाडली आणि माझ्या यंत्राच्या प्लगला घट्ट बांधली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताई गेली. भिंगरी रिमोट घेऊन एकटीच बसली आणि तेव्हा तिला कळलं, की तिला नुसत्या गोळ्या झाडता येतात. यान चालवता येतच नाही! पहिल्याच दगडावर आम्ही आपटलो. पुन्हा आपटलो. आठवडाभर आपटत राहिलो. तिने रिमोट उशीवर आदळला, माझ्याशी अबोला धरला, मग पुन्हा आली. रोज शाळेतून आल्यावर तासभर. डावा अंगठा सोलला, तिथे घट्टा पडला. हळूहळू दुसरा टप्पा आला, चौथा आला. आणि एका रविवारी, एकटीने, तिने सहाव्याचा बॉस फोडला. पडदा काळा झाला. त्यावर पांढरा सात उमटला.

मित्रांनो, माझ्या पट्टीतून झिणझिण्या गेल्या! आता, आता उघडणार!

भिंगरीने हात लांब केला आणि यंत्र बंद केलं.

मला तिच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली. असं कुणी करतं? संध्याकाळी ती फोनवर सांगत होती, "ताई, मी सातव्याच्या दारात जाऊन आले. पण बघितलं नाही. शप्पथ."

पलीकडून ताईचा आवाज खोलीभर ऐकू आला. "वेडी आहेस का? बघायचं ना!"

"तू ये मग."

ताईची सुट्टी लागली, ती घरी आली आणि नेमकी मी रुसले. पडद्यावर नुसत्या राखाडी रेघा. भिंगरीने फुंकर मारली. ताईने मारली. बाबांनीही छाती भरून मारली. काही नाही! भिंगरीचा चेहरा एवढासा झाला. मला ओरडून सांगायचं होतं, अगं, आत सगळं जागच्या जागी आहे. पण मला तोंड आहे ते फक्त यंत्रात घालायला.

बाबा मला कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेले. दोघी मागोमाग होत्याच. काकांनी मला उघडलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "फुंकर कोण मारतं हिला?"

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

"फुंकरीबरोबर थुंकी उडते, बाळांनो. त्या ओलीने तांबं काळं पडतं. ती सुरू व्हायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. तुमच्या मायेने जीव जायचा की हिचा."

त्यांनी माझे तांब्याचे दात खोडरबराने हळूच घासले, स्पिरिटचा कापूस फिरवला आणि पोटातला सुटा स्क्रू जागेवर पिळला. माझी खुळखुळ कायमची थांबली. चुळबुळ मात्र नाही!

घरी आल्यावर आईने इस्त्री कपाटात ठेवून दिली. "माझा गणवेश सकाळीच झालाय. आज मी या चिंधीपाशीच बसते. बघू कोण हात लावतं ते."

ताई डावीकडे बसली, भिंगरी उजवीकडे. पण ताईची सवय मोडली होती. दुसऱ्याच टप्प्यात यानाला मिळालेल्या जीवांपैकी दोन गेले. भिंगरीचा रिकामा डावा अंगठा फ्रॉकवर आपोआप वर-खाली होत होता. ताईचं लक्ष त्याकडे गेलं. तिने खेळ थांबवला, बहिणीचा हात उलटा करून घट्टा पाहिला.

"एवढं खेळलीस?"

"हं."

"मग ऊठ. इकडे ये. तू चालव, गोळ्या मी मारते."

"पण तो तुझा अर्धा आहे."

"होता. सरक आता!"

जागा बदलल्या. खेळ पहिल्यापासून सुरू झाला. आता ओरडा उलटा. "ताई, मार ना! नुसती टकटक करतेस!" चौथा गेला, पाचवा गेला. सहाव्याच्या बॉससमोर शेवटचा जीव उरला. आई प्लगवर हात ठेवून श्वास रोखून बसलेली. बॉस फुटला. पांढरा सात उमटला आणि विरला.

समोर निळं, मोकळं आकाश उघडलं. एकही दगड नाही, एकही किडा नाही. नुसते तारे मागे सरकत होते. ताईचा अंगठा बटणावर थबकला. मग कुठूनसा एक लहानसा किडा आला आणि आम्ही त्याच्यावर आपटलो.

"दिसलं ना?" भिंगरीने विचारलं.

"दिसलं," ताई म्हणाली. "लाव परत."

त्या आकाशापुढे काय आहे, ते अजून माझ्या पोटातच आहे. दोघी मोठ्या झाल्या, मी आता डब्यात असते आणि यान घेऊन उजवीकडे, अजून उजवीकडे जायची घाई मला तशीच आहे. म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. माझ्यासारखी कुणी तुमच्या घरात रुसली, तर फुंकर मारू नका, कोरड्या कापसाने हळूच पुसा. कुणाचाही प्लग काढण्याआधी विचारा. आणि दोघी असाल, तर अर्धा रिमोट दुसरीला द्या. डावा अर्धा देता आला, तर तोच द्या.