येते म्हणून गेली

सार्जंट टिलमन अमेरिकेहून आल्याला चार महिने झाले होते आणि बराकीत त्यांचं नाव ‘किती वाजता’ पडलं होतं. कुणी म्हणालं, जेवण होतंय, की हे विचारणार, किती वाजता? कुणी म्हणालं, पाऊस येतोय, तरी तेच. लढाया संपल्यावर लायबेरियाने जुनं सैन्य मोडून नवं उभं करायला घेतलं होतं, आणि त्या नव्याला वळण लावायला हे पाहुणे आले होते. माणूस वाईट नव्हता. फक्त कानावर पडलेलं सगळं शब्दशः खरं मानायचा.

म्हणूनच कॉर्पोरल नोवाई केर्कुला आज कॅप्टन झावोलोंच्या टेबलापुढे ताठ उभी होती. सार्जंटच्या कोर्सला तिच्या तुकडीतून एकच नाव जायचं होतं. नकाशावाचनात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी यादीतल्या तिच्या नावावर टिलमनसाहेबांनी लाल रेघ ओढली होती.

कॅप्टननी अहवाल मोठ्याने वाचला. “मंगळवार, सकाळी दहा. कॉर्पोरल ‘येते हं’ म्हणाल्या आणि उलट दिशेने निघून गेल्या. मी दहा पन्नासपर्यंत उभा होतो. गुरुवार, पुन्हा तेच. शनिवार, पुन्हा तेच.” त्यांनी कागद खाली ठेवला. “मग सार्जंट? आली ना ती?”

“आल्या, सर. पन्नास मिनिटांनी.”

“म्हणजे खोटं नाही बोलली.”

“पण त्या जात होत्या, सर. जाताना ‘येते’ म्हणाल्या.”

“मग जाताना दुसरं काय म्हणायचं? जाते?” कॅप्टनना खरंच कळेना. “अहो, जाते म्हणणारं माणूस परत येतं होय?”

नोवाईने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, टिलमनसाहेबांचे कान लाल होत चालले होते. चार महिन्यांतले सगळे ‘येतो’वाले त्यांच्यासमोर ओळीने उभे राहत असावेत.

“म्हणजे तो जनरेटरवाला... मार्चमध्ये येतो म्हणाला होता...”

“येईल की.”

“किती वाजता?” त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि मग ते स्वतःच हसले.

कॅप्टन मात्र हसता हसता थांबले. “तसं तुमचंही चूक नाही, सार्जंट. जुन्या सैन्यात माझी अर्धी पलटण येतो म्हणून बंदुकांसकट गेली. ती अजून यायचीय.”

टिलमननी पेन काढलं. आता रेघ खोडतील, असं नोवाईला वाटलं. पण पेन कागदावर अधांतरी राहिलं.

“शब्दाचं कळलं, कॉर्पोरल. पण पन्नास मिनिटं तुम्ही असता कुठे?”

हाच प्रश्न येऊ नये म्हणून तिने तीन महिने जपलं होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला कोर्सला घेत नाहीत, असं मेसमध्ये कुणीतरी म्हणालं होतं. कोण, ते आठवत नव्हतं. वाक्य मात्र पाठ होतं. पोट बिघडलं होतं म्हणावं? आठवड्यातून तीनदा, बरोब्बर दहाला? तेवढ्यात छाती भरून आली. गणवेशाच्या आत घातलेली फडक्याची घडी ओली होऊ लागली. दहा वाजले असणार. घड्याळ बघायची तिला गरज नव्हती.

“बाळ आहे, सर. आठ महिन्यांचं. गेटबाहेर माझ्या मावशीच्या खानावळीत असतं. त्याला पाजायला जाते.”

“तोक्पा ना?” कॅप्टन म्हणाले. “भात खायला गेलो की माझ्या ताटातली मासळी ओढतो. मला वाटलं, कधीतरी आपण होऊन सांगशील.”

“मला कुणीच बोललं नाही,” टिलमन म्हणाले.

“तुम्ही किती वाजता विचारता. कुठे, ते आज पहिल्यांदा विचारलंत.”

टिलमन नोवाईकडे वळले. “बाळाची अडचण नाही, कॉर्पोरल. पण कोर्स सहा आठवड्यांचा, दुसऱ्या छावणीत. तिथे नुसतं ‘येते’ चालणार नाही. कुठे, किती वेळ, आधी सांगायचं. वीस मिनिटं धरू?”

“चाळीस, सर.”

“पंचवीस.”

“तो भरभर पीत नाही, सर. मध्येच तोंड काढून हसत बसतो. पंचवीस मिनिटांत उठवला तर तो उपाशी राहील, आणि मी दिवसभर नकाशा उलटा धरीन.”

कॅप्टन खिडकीबाहेर बघू लागले. मिशीत हसत असावेत. टिलमननी तीस लिहिलं, लाल रेघेवर आडव्या रेघा मारल्या, शेजारी सही केली आणि कोर्सचा अर्ज तिच्याकडे सरकवला. ‘सोबत येणारे’ या रकान्यात नोवाईने मावशीचं नाव घातलं, कोलू. खाली तोक्पाचं. लिहून झाल्यावर परत वाचलं. अक्षर थोडं वाकडं आलं होतं, पण आता सरकारी कागदावर होतं.

“आणखी काही?” कॅप्टननी विचारलं.

“गेटबाहेर, मावशीकडे, तीस मिनिटं, सर.”

टिलमननी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली.

नोवाई सलाम ठोकून निघाली. कचेरीच्या खिडकीतून दिसत होती तोवर ती शिस्तीत चालली. मग पळत सुटली.